तुम्ही विचारलंत म्हणून: ‘एनलाइटन’ला अर्धा तास का लागतो

‘एनलाइटन’चा अर्थ विचारला की बाई अर्धा तास का घेतात? पालक विचारतात, मुलं विचारतात, शेजारच्या वर्गावरचे सर तर दर वर्षी विचारतात. ‘ज्ञान देणे’ असं फळ्यावर लिहा आणि पुढं चला, पोर्शन राहिलाय, हा त्यांचा सल्ला. आजवर मी हो हो म्हणून वेळ मारून नेली. आता एकदा सांगूनच टाकते.

अर्थ मलाही एका ओळीत सांगता येतो. ‘लाइट’ करतात तो दिवा किंवा चूल. ‘इल्युमिनेट’ करतात ती जागा, नाहीतर अवघड मुद्दा. ‘एनलाइटन’ करतात ते माणसाला, आणि तेही न दिसणाऱ्या उजेडानं. परीक्षेपुरतं एवढं बास आहे.

अडचण आपल्या ‘उजळणे’ची आहे. चिंचेनं घासलेली समई उजळते, बातमी ऐकून चेहरा उजळतो, फटफटायला लागलं की पूर्व उजळते, आणि पाढे पाठ करायचे ती उजळणी. घरातला उजेड आणि डोक्यातला उजेड यांच्यात मराठीनं भिंतच घातलेली नाही. मग आपलं मूल इंग्रजीत शिरताना ती भिंत आहे असं धरून कसं चालेल? हे मला आज कळतं. तेव्हा कळत नव्हतं, असं म्हणून मी सुटणार नाही. कळून घ्यायची गरजच वाटली नव्हती.

नोव्हेंबरचे दिवस होते. नववीला मी कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळातल्या किरणोत्सवावर निबंध दिला होता. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप आणि पितळी उंबरा ओलांडत गाभाऱ्यात पोचतात. 9 तारखेला देवीचे चरण, 10 ला छाती, 11 ला मुख. गर्दीत टाचा उंचावून हे सगळ्यांनी पाहिलेलं, म्हणून विषय सोपा. करवीर तालुक्यातल्या एका गावाहून एसटीनं येणारा एक मुलगा होता. बाकीच्यांनी गाइडातली वाक्यं उतरवली होती. यानं स्वतःचं लिहिलं होतं: ‘ऑन द थर्ड डे द सन एनलाइटन्स अवर गॉडेस.’

मी ते वाक्य मोठ्यानं वाचलं. वर म्हटलं, “काय रे, अंबाबाईची शिकवणी आता सूर्य घेणार होय?” वर्ग हसला. मीही हसले.

तो उभाच होता. म्हणाला, “बाई, आदी पाय उजळत्यात देवीचं, मग छाती, मग तोंड. म्हणून लिवलं.”

“उजळणं म्हणजे इल्युमिनेट. दहा वेळा लिहून आण.”

त्यानं आणलं. दहाही ओळी सुवाच्य, एकही खाडाखोड नाही. त्यानंतर दहावी संपेपर्यंत त्याच्या वहीत त्याचं स्वतःचं असं एक इंग्रजी वाक्य आलं नाही. सगळं गाइडातलं, सगळं बिनचूक, आणि मी त्याला चांगले गुण देत गेले. निकालाच्या दिवशी त्याची आई पेढे घेऊन आली. “बाई, तुमच्यामुळं पोराचं इंग्रजी सुधारलं,” म्हणाली. पेढा मी घेतला. काही बोलले नाही.

शिक्षिका म्हणून माझं चुकलं नव्हतं, हे मी आजही म्हणेन. त्या वाक्याला गुण कापले गेलेच असते. आज कुणी इंग्रज माणूस सूर्याबद्दल बोलताना ‘एनलाइटन’ वापरणार नाही. पण बऱ्याच वर्षांनी 1611 सालचं किंग जेम्स बायबल चाळताना 97 व्या स्तोत्रापाशी थांबले. तिथं देवाच्या विजा जगाला ‘एनलाइटन’ करतात. ज्ञान देत नाहीत, लख्ख उजेड पाडतात. शब्दकोश काढला, तर हा अर्थ ‘जुना’ अशी खूण करून दिलेला. म्हणजे इंग्रजीनंही कधीकाळी या दोन उजेडांत भिंत घातली नव्हती. आमच्या पोराचा शब्द तिथं चालला असता.

चारशे वर्षांपूर्वीचा वापर नववीच्या वहीत चालत नाही, असं माझ्यातली तेव्हाची बाई लगेच म्हणते. बरोबरच आहे तिचं. पण मग मी तिला विचारते, तू दिलेलं ‘इल्युमिनेट’ तरी तिथं नीट बसत होतं का? नवरात्रात देवळावर रोषणाई करतात, ते इल्युमिनेट. या शब्दाच्या पोटात लॅटिन ‘लुमेन’ आहे, म्हणजे उजेड. त्यावरूनच मोजमापाचा लुमेन आला, आणि चौरस मीटरला एक लुमेन म्हणजे एक लक्स. किरणोत्सवाच्या बातम्यांत किरणांची तीव्रता लक्समध्ये छापून येते, तिथं हा शब्द चपखल. पण त्याच बातमीचा मथळा काय असतो? ‘किरणांचा चरणस्पर्श’. उंबऱ्यामागून उंबरा ओलांडत आलेलं ऊन पायांना टेकतं आणि वर चढतं. यातला चढ ‘इल्युमिनेट’मध्ये येत नाही. पोरानं निदान तीन दिवसांचा क्रम सांगितला होता. मी त्याच्याकडून दहा वेळा जो शब्द लिहून घेतला, त्यात तो क्रमही नव्हता.

मग बरोबर शब्द कोणता? ‘रीच’ आणि ‘टच’ मिळून काहीतरी होईल, असं मला कधी वाटतं. दुसऱ्या दिवशी तेही फिकं वाटतं.

गेल्या महिन्यात एका मुलीच्या वहीत पुन्हा तेच आलं, या वेळी चंद्र होता. मी लाल पेनानं शब्दाखाली रेघ मारली. ती मारावीच लागते. मग तिला टेबलाजवळ बोलावलं आणि विचारलं, “हे लिहिताना तुला काय दिसत होतं, ते आधी मराठीत सांग बघू.” ती सांगत गेली. गच्ची, वाळत घातलेले सांडगे, त्यांच्यावर पडलेलं चांदणं. तास संपल्याची घंटा झाली तरी तिचं सांगून संपलं नव्हतं.