पुढच्या वर्षी बघून लिही

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा असा फोन आला तेव्हा ऑफिसात हिशोब बंद करायची गडबड चालू होती, तरी मी लगेच हो म्हणून टाकलं. शाळेबद्दल लिहायला खूप आहे, ग्राउंड, जुन्या इमारतीतला तो अंधारा जिना, गॅदरिंग, पण ते बाकीचे लिहितीलच. मला फक्त बाईंबद्दल लिहायचंय. नाव सांगायची गरज नाही, मराठी आणि भूगोल शिकवणाऱ्या, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवणाऱ्या आपल्या बाई.

सातवीत आपली सहल समुद्रावर गेली आणि मी गेले नाही. घरी सहलीची चिठ्ठी दाखवली तेव्हा आईने ती दोनदा वाचली, घडी घालून परत माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तुला गाडी लागते, नको जाऊस." बाबांचं काम रोजंदारीवरचं, आम्ही तीन भावंडं, त्या महिन्यात काम किती दिवस मिळालं असेल याचा अंदाज मला आता येतो, तेव्हा मात्र मला खरंच वाटलं की मला गाडी लागते. वर्गातही मी तेच सांगितलं. गाडी लागेल एवढा लांबचा प्रवास मी तोपर्यंत केलाच नव्हता.

सहलीच्या दिवशी आम्ही चौघंच वर्गात. चौघं चार कोपऱ्यांत बसलो, शुद्धलेखन लिहायला दिलं होतं ते लिहीत राहिलो, आणि तू का नाही गेलास असं कोणी कोणाला विचारलं नाही. चौघांनाही उत्तर माहीत होतं.

मग चाचणीला निबंध आला, "आमची सहल". दुसरा पर्याय नव्हता म्हणून मी लिहिला, चांगला दीड पान लिहिला. लाटा, शिंपले, गाडीतल्या भेंड्या, सगळं मैत्रिणींकडून ऐकलेलं, आणि शेवट छान व्हावा म्हणून लिहिलं की पहाटे आम्ही किनाऱ्यावर उभे होतो आणि समुद्रातून लालभडक सूर्य वर आला. पेपर मिळाला तर बाकी सगळं लाल पेनाने तपासलेलं, फक्त त्या एका वाक्याखाली पेन्सिलीची बारीक रेघ. त्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रात मावळतो हो, उगवतो पाठीमागच्या डोंगरातून. आणि आपली गाडी तिथे पोचलीच होती दुपारी. बाईंना सगळं कळलं होतं. मार्क कापले नव्हते, मला स्टाफरूममध्ये बोलावलं नाही, वर्गात वाचून दाखवलं नाही. खाली पेन्सिलीनेच लिहिलं होतं, "भाषा छान. पुढच्या वर्षी बघून लिही."

आठवीत बाई आमच्या वर्गशिक्षिका झाल्या. शाळा उघडल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी सहलीचं सांगितलं, सहल पाच महिन्यांनी होती. प्रत्येकाला एक खाकी पाकीट दिलं, वर फक्त हजेरी नंबर. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पाकीट आणायचं, जमेल तेवढे पैसे घालायचे, नाही जमले तर रिकामं आणायचं, पण सगळ्यांनी आणायचं आणि चिकटवून आणायचं. पाकिटं बाईंच्या टेबलावरच्या पत्र्याच्या डब्यात पडायची आणि दुसऱ्या दिवशी नवीन मिळायची. कोणाच्या पाकिटात किती हे फक्त बाईंना माहीत. एका महिन्यात आईकडे काहीच नव्हतं, तर पाकीट अगदी सपाट दिसू नये म्हणून तिने माझ्या वहीचं मागचं कोरं पान फाडून, घडी घालून आत ठेवलं. ते पाकीट डब्यात टाकताना माझा हात थरथरत होता, आणि बाई तेव्हा मुद्दाम खिडकीबाहेर बघत होत्या. दर वेळी बघायच्या, माझ्या मागच्या मुलाच्या वेळीही.

मधे एकदा आई बाईंना भेटायला आली, आमचं काही जुळत नाही, तिचं नाव काढून टाका, असं सांगायला. काय बोलणं झालं ते आईने मला माझ्या लग्नानंतर सांगितलं. बाई म्हणाल्या, "ताई, गाडी ४० पोरं घेऊन गेली काय आणि ४४ घेऊन गेली काय, भाडं तेवढंच. तुमच्या मुलीचं फक्त आत जायचं तिकीट वाढतं. ती नाही आली तर तिची सीट मला रिकामी न्यावी लागेल, ते मला आवडत नाही." वर्गणी ४० मुलांवर काढायची आणि ४४ न्यायची हे त्यांनी पालकसभेत सगळ्यांसमोर मांडून, सगळ्यांचा होकार घेऊन केलं होतं, मुलं कोणती ते मात्र कोणालाच सांगितलं नाही. तिकिटांचे वरचे पैसे काही पालकांनी आपापल्या पाकिटातून जास्तीचे दिले. म्हणजे हे पाकीट दोन्हीकडून चालत होतं बघा, देणारा कोण तेही कळत नव्हतं. मी आज अकाउंट्समध्ये आहे, २६ जणांची टीम बघते, आणि तरी मला वाटतं एवढा स्वच्छ हिशोब मी परत कुठे बघितला नाही.

आईने निघता निघता सवयीने म्हटलं, "पण तिला गाडी लागते." बाईंनी तेही लिहून घेतलं. सहलीच्या दिवशी मला सगळ्यात पुढची सीट, खिडकीजवळची. मला गाडी लागली नाही.

अजून एक गोष्ट, जी मला आई झाल्यावर कळली. सहलीचे पैसे म्हणजे फक्त सहलीचे पैसे नसतात. नवीन बूट, बरी बॅग, स्वेटर, हातखर्चाला काहीतरी, यातच गरीब घर अर्धं मोडतं. बाईंच्या नोटिशीत लिहिलेलं असायचं की शाळेचा गणवेश, रोजचेच बूट, रोजचंच दप्तर, आणि जवळ पैसे आणू नयेत. माझ्याकडे वेगळं काही नव्हतंच, आणि त्या दिवशी कोणाकडेच नव्हतं.

समुद्रावर बाईंनी आम्हाला खेळायला सोडलं, पण आधी प्रत्येक गटाला एक काठी दिली. पाणी जिथपर्यंत येतंय तिथे रोवायची, अर्ध्या तासाने पुढची काठी. ओहोटी लागलेली, त्यामुळे काठ्यांची रांग समुद्राकडे सरकत गेली आणि मागे वाळूवर त्या ओल्या बारीक वळ्या राहिल्या. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणून भरतीची वेळ रोज ५० मिनिटांनी पुढे जाते, हे मी तिथे उभं राहून शिकले आणि अजून घड्याळ न बघता सांगू शकते. संध्याकाळी सूर्य खाली आला तेव्हा बाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. पूर्ण बुडेपर्यंत थांबल्या आणि मग पोरं मोजायला गेल्या.

परत आल्यावर ४४ च्या ४४ मुलांना पावती मिळाली, कार्बनची निळी प्रत, "सहल, पूर्ण जमा". माझी अजून आहे.

आता काय झालंय ते बघून वाईट वाटतं. माझ्या मुलीच्या शाळेत (शाळेचं नाव घेत नाही) सहलीची नोटीस मोबाईलवरच्या पालकांच्या ग्रुपवर येते, शेवटची तारीख तीन दिवसांनी, आणि रोज संध्याकाळी यादी टाकतात, भरले त्यांच्यापुढे हिरवी खूण. शेवटी खूण नसलेली पाच नावं उरली, दोन दिवस सगळ्यांनी ती पाच नावं बघितली. मी वर्गशिक्षिकांना फोन करून सांगितलं की यादी काढा, त्यांनी काढली, त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. मनाने वाईट नाहीत त्या.

आमच्या ऑफिसात सफाईला येणाऱ्या ताईंनी मुलाला सांगितलं होतं की पाठवत नाही, रस्ता धोक्याचा आहे. मला ते ऐकून एकदम माझी गाडी लागणं आठवलं. मी त्यांना म्हटलं, चिठ्ठी आली त्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना एकटं गाठा, शेवटच्या तारखेची वाट बघू नका, कारण तोवर गाडी ठरलेली असते, पैसे मोजलेले असतात आणि मग कोणाच्या हातात काही राहत नाही. हप्ते करून मिळतील का विचारा, आत काय काय धरलंय ते विचारा, शाळेत मदतीचा फंड आहे का ते थेट विचारा, बऱ्याच ठिकाणी असतो पण नोटिशीत लिहीत नाहीत. बोलवत नसेल तर दोन ओळी लिहून पाठवा. त्यांनी लिहिलं, मुलगा गेला, अर्धे पैसे दोन हप्त्यांत.

आमच्या बॅचने आपल्या शाळेसाठी सहलीचा फंड चालू केलाय तोही बाईंच्याच पद्धतीने. नोटीस निघायच्या आधी पैसे जमा, कोणाला द्यायचे ते फक्त वर्गशिक्षक ठरवणार, अर्ज नाही, दाखला नाही, आणि स्टेजवर बोलावून फोटो तर अजिबात नाही. यावरून आमच्यात वाद झाला, देणाऱ्यांना हिशोब नको का असं दोघं म्हणाले. हिशोब मी देते दर वर्षी, किती मुलं आणि किती पैसे, नाव एकही नाही. त्यात बदल होणार नाही.

बाई या कार्यक्रमाला येऊ शकणार नाहीत, प्रवास झेपत नाही आता. मागच्या महिन्यात घरी जाऊन भेटले, तो सातवीचा पेपर घेऊन गेले होते. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला आणि पेन्सिलीच्या रेघेवर बोट ठेवून विचारलं, "मग, पुढच्या वर्षी लिहिलंस का?" लिहिला होता बाई, नववीत, तुम्ही तेव्हा दुसऱ्या वर्गाला होतात. सोबत तोही दिला.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलच्या दाराशी टेबलावर पत्र्याचा डबा असेल आणि खाकी पाकिटं असतील. येणाऱ्या प्रत्येकाने एक घ्यायचं, चिकटवायचं आणि डब्यात टाकायचं. रिकामं असलं तरी.