नवी बोट, सगळं घर आणि मार्लिन: पोर्ट स्टीफन्सचा वृत्तांत

फेब्रुवारीत आम्ही सगळे पोर्ट स्टीफन्सला जाऊन आलो. नवी बोट घेतल्यावर खोल समुद्रात मार्लिनसाठी, म्हणजे भाल्यासारखी लांब चोच असलेल्या मोठ्या माशासाठी, जायची ही पहिलीच सफर. चौदा वर्षांच्या लेकीने पट्टेरी मार्लिन आणला, टॅग (क्रमांकाची छोटी खूणपट्टी) लावून आम्ही तो जिवंत सोडला. परत आल्यापासून सिडनीतल्या ओळखीच्या मराठी घरांतून विचारणा होतेय की मुलांना घेऊन हे कसं जमवलं, म्हणून सविस्तर लिहितेय. मासा लागला तो भाग सांगीनच, पण आधीच्या तयारीवर जास्त लिहिणार आहे. मुलं आणि वडीलधारी माणसं बोटीवर असली की मार्लिनचं निम्मं काम किनाऱ्यावरच उरकावं लागतं, असं माझं ठाम मत झालंय.

आधी जागेबद्दल. पोर्ट स्टीफन्स सिडनीच्या उत्तरेला साधारण दोनशे किलोमीटरवर आहे, ट्रेलर मागे असला तरी तीन तासांत पोचता येतं. उन्हाळ्यात पूर्व ऑस्ट्रेलियन प्रवाह उत्तरेकडचं कोमट, निळं पाणी खाली घेऊन येतो आणि त्याबरोबर काळे आणि पट्टेरी मार्लिन येतात. जानेवारी ते एप्रिल हा चांगला काळ. ऑस्ट्रेलियातल्या मार्लिनच्या मासेमारीची सुरुवातच इथली. १९१३ साली डॉ. मार्क लिडविल यांनी इथल्याच समुद्रात रॉड आणि रिळाने काळा मार्लिन पकडला, साधारण ३२ किलोचा. याच डॉक्टरांनी पुढे १९२०च्या दशकात हृदयाला विजेचे ठोके देणारं यंत्र बनवलं, म्हणजे आजच्या पेसमेकरचं पूर्वरूप. मुलांना ही गोष्ट गाडीत सांगितली तेव्हा धाकट्याने पुढचे पन्नास किलोमीटर फक्त त्यांच्याबद्दलच प्रश्न विचारले.

कुटुंबासाठी मी ही जागा निवडली त्याचं मोठं कारण म्हणजे बाहेर पडायचा रस्ता. स्वॉन्सी किंवा फॉर्स्टरला समुद्रात जाताना तोंडाशी असलेला वाळूचा उथळ पट्टा, म्हणजे बार, ओलांडावा लागतो. तिथे लाटा कधी फुटतील याचा नेम नसतो. इथे टोमारी आणि याकाबा या दोन डोंगरांमधलं तोंड रुंद आणि खोल आहे. तरी ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडत असताना समोरून मोठी लाट येत असेल तर तिथेही उंच, उभ्या लाटा उठतात. म्हणून भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघूनच निघायची वेळ ठरवा.

आता बोट. सहा मीटरहून थोडी मोठी, ॲल्युमिनियमची, मागे एकच आउटबोर्ड इंजिन, ट्रेलरवर ओढायची. नवी बोट घेतली की थेट मार्लिनला पळायचा मोह होतो. तो टाळा. नव्या इंजिनाला पहिले दहा तास जपून चालवायचं असतं. एकाच वेगावर फार वेळ ठेवायचं नाही आणि पूर्ण जोर सतत लावायचा नाही. मार्लिनचं ट्रोलिंग म्हणजे मागे आमिष ओढत नेमकं एकाच वेगावर दिवसभर फिरणं. त्यामुळे आम्ही ते तास आधी पिटवॉटर आणि हॉक्सबरीच्या आतल्या शांत पाण्यात पूर्ण केले, पहिली सर्व्हिस करून घेतली आणि मगच उत्तरेला निघालो. आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते वाचा, प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं. त्या आतल्या फेऱ्यांमध्येच जिवंत आमिषाच्या टाकीच्या नळीची एक क्लिप सैल असल्याचं नवऱ्याच्या हाताला लागलं. नव्या बोटीतली प्रत्येक क्लिप, प्रत्येक फ्यूज आणि पाणी उपसणारा पंप स्वतः हात लावून तपासा. बंदराच्या आत ते पाच मिनिटांचं काम आहे.

सुरक्षेच्या सामानात कसलीही काटकसर नको. किनाऱ्यापासून दोन सागरी मैलांच्या पुढे जायचं तर न्यू साउथ वेल्समध्ये ४०६ मेगाहर्ट्झचा ईपर्ब (उपग्रहाकडे संकटाचा इशारा पाठवणारं यंत्र) बोटीवर लागतोच. त्याची ॲम्साकडे, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या सागरी सुरक्षा खात्याकडे, नोंदणी फुकट होते, ती करा, म्हणजे संकटात तो कोणाचा आहे हे लगेच कळतं. फ्लेअर, व्हीएचएफ रेडिओ, प्रत्येकाच्या मापाचं लाइफ जॅकेट हे सगळं आलंच. आमच्या आकाराच्या चालत्या बोटीवर मोकळ्या जागेत असलेल्या बारा वर्षांखालच्या मुलाने जॅकेट घालणं कायद्याने सक्तीचं आहे. आम्ही नियम असा केला की रॅम्पवरून बोट पाण्यात गेल्यापासून पाचही जणांची जॅकेटं अंगावर. मोठ्यांनी घातलं की लहान कुरकुरत नाही. आणखी एक, देवगडहून आलेल्या माझ्या सासऱ्यांसाठीही मासेमारीचं शुल्क भरावं लागलं. अठरा वर्षांच्या वरच्या पाहुण्यांना ते लागतं आणि ऑनलाइन काही मिनिटांत भरता येतं.

मरीन रेस्क्यू या समुद्रातल्या बचावसंस्थेचे स्वयंसेवक नेल्सन हेडवरून रेडिओ सांभाळतात. निघताना त्यांना बोटीवर किती माणसं आहेत, कुठे जाताय, किती वाजता परत येणार हे सांगायचं आणि परतल्यावर तसं कळवायचं. फोनवरच्या ॲपनेही हे होतं. याला पैसे पडत नाहीत. ठरलेल्या वेळी तुमचा निरोप आला नाही तर ते शोध सुरू करतात, त्यामुळे परतल्याचं कळवायला विसरू नका.

पहिल्या दिवशी वारा होता, म्हणून आम्ही बाहेर गेलोच नाही. ब्युरो ऑफ मीटिऑरॉलॉजीचा हंटर किनाऱ्याचा अंदाज आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा पहाटे बघायचा. मुलं असताना माझी मर्यादा म्हणजे वारा दहा-बारा नॉट्सपर्यंत आणि लाट दीड मीटरच्या आत. त्यातही दोन लाटांमधलं अंतर नऊ-दहा सेकंदांचं हवं. उन्हाळ्यात दुपारनंतर ईशान्येचा वारा जवळजवळ रोज चढतो, हे धरून दुपारी एकला परत फिरायचं हे आधीच ठरलं होतं, मासा लागो न लागो.

वाया गेला असं वाटणारा तो दिवस सगळ्यात कामाचा ठरला. शोल बेच्या आत शांत पाण्यात आम्ही रंगीत तालीम केली. मासा लागला की कोण काय करणार? मी सुकाणूवर. नवरा ट्रेस (गळाजवळची जाड दोरी) धरणार. लेक रॉडवर. सासरे बाकीच्या दोऱ्या गुंडाळून आत घेणार. त्यांचे हात या कामात मुरलेले आहेत, देवगडला त्यांनी अर्धं आयुष्य जाळी ओढली आहेत. धाकट्याचं काम एकच, दोरी ज्या दिशेला असेल तिकडे हात लांब करून धरायचा आणि ओरडत राहायचं. सुकाणूवर बसलेल्या माणसाला मागे वळून बघायला सवड नसते, त्यामुळे हे काम खरोखर लागतं. बादलीला दोर बांधून ती मासा समजून आम्ही पुन्हा पुन्हा सराव केला.

त्याच रात्री मासा ठेवायचा की सोडायचा हेही ठरवलं. इथे माणशी दिवसाला एक मार्लिन ठेवायला परवानगी आहे. पण एवढा मोठा मासा आम्ही पाच जण खाणार किती? सासऱ्यांना मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी समजवावं लागलं. ते एवढंच म्हणाले, "ठरलं ना? मग आकडा बोटीत घेऊच नका." गाफ, म्हणजे मासा बोटीत ओढायचा आकडा, घरी राहिला. ऐन वेळेच्या धांदलीत कोणाचं मन डळमळू नये यासाठी हा सल्ला मला फार मोलाचा वाटला.

दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधी लिटल बीचच्या रॅम्पवर होतो. बोट लागण्याची गोळी आदल्या रात्री आणि पहाटे घ्यायची. मुलांचा डोस औषधाच्या दुकानात विचारून घ्या. सोबत आलेपाक, कोरड्या पोळीचे रोल आणि भरपूर पाणी. तेलकट काही नको.

बाहेर पडल्यावर आधी आमिष. बेटांच्या आडोशाला साउंडरवर (पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्रावर) माशांचा थवा दिसला आणि छोट्या गळांच्या माळेवर स्लायमी मॅकरेल येऊ लागले. आपल्या बांगड्याच्याच कुळातला मासा, सासऱ्यांना ओळख करून द्यावी लागली नाही. मुलांना हा भाग मार्लिनइतकाच आवडतो, त्यामुळे घाई करू नका. हा सगळा भाग मरीन पार्कमध्ये येतो आणि काही पट्ट्यांत मासेमारीला पूर्ण बंदी आहे, म्हणून नकाशा आधी फोनवर उतरवून घ्या.

मग तिथून 'कार पार्क'. हे नाव तिथे हंगामात होणाऱ्या बोटींच्या गर्दीवरून पडलं असावं असं मला वाटतं. किनाऱ्यापासून वीसेक सागरी मैलांपलीकडे, शंभराहून जास्त मीटर खोल पाणी. जाताना आम्ही रंगीत झालरींचे लूर (खोटी आमिषं) मागे सोडून सात-आठ नॉट्सनी ट्रोल करत गेलो. तापमान बावीसच्या वर सरकलं आणि पाण्याचा रंग हिरव्याचा गडद निळा झाला. उपग्रहाचे तापमानाचे नकाशे आदल्या दिवशी पाहून कोमट पाण्याची कड कुठे आहे ते आम्ही टिपून ठेवलं होतं. त्याच बाजूला पक्षी बुड्या मारताना दिसले आणि साउंडरवर खाली माशांचे दाट गोळे.

लूर आत घेतले आणि दोन जिवंत स्लायमी सोडले. मुलांसोबत जिवंत आमिष आणि सर्कल गळ (आत वळलेल्या टोकाचा गोल गळ) हीच जोडी वापरा, हे मी आग्रहाने सांगेन. लूरला मासा लागला की सगळं फार वेगात होतं. सर्कल गळाला झटका द्यायचाच नसतो. मासा आमिष घेऊन चालू लागला की रीळ मोकळं ठेवायचं, थोडं थांबायचं आणि ड्रॅग (रिळाचा ब्रेक) हळूहळू वर न्यायचा. गळ फिरून जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. त्यामुळे मासा आतून जखमी होत नाही आणि सोडल्यावर जगतो.

डावीकडच्या रिळाची करकर सुरू झाली तेव्हा लेक पाणी पीत होती. तिने बाटली आजोबांच्या हातात दिली, रॉड उचलला, आणि जसं ठरलं होतं तसं मनात आकडे मोजले. ड्रॅग वर. रॉड वाकला. पुढच्या क्षणी शंभर मीटरवर मार्लिन अख्खा पाण्याबाहेर आला, मग पुन्हा, मग पुन्हा. धाकटा "उजवीकडे! उजवीकडे!" ओरडत होता आणि त्याचा हात खरंच बरोबर दिशेला होता.

आमची दोरी १५ किलोचा ताण पेलणारी. मासा लागतानाचा, म्हणजे स्ट्राइकचा, ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या एक तृतीयांश, म्हणजे ५ किलो, आणि तो वजनकाट्याला लावून किनाऱ्यावरच मोजून ठेवलेला. चौदा वर्षांच्या मुलीला कमरेच्या पट्ट्यावर आणि हार्नेसवर एवढा ताण पेलतो. २४ किलोच्या सामानाने मासा लवकर येतो हे खरं, पण तिथला ८ किलोचा ड्रॅग मुलांची पाठ मोडतो. हलकं सामान घ्यायचं तर बोटीने साथ द्यायला हवी. मासा पळाला की मी बोट त्याच्या मागे वळवून पुढच्या दिशेनेच पाठलाग केला, तिला रिकामी दोरी गुंडाळता आली. मासा खोल जाऊन अडून बसला तेव्हा थोडं पुढे निघून दोरीचा कोन बदलला. मधे ती रडकुंडीला आली. नवऱ्याने रॉड घेऊ का विचारलं, तिने नकारार्थी मान हलवली. विक्रम किंवा स्पर्धेसाठी रॉडला दुसऱ्याचा हात लागून चालत नाही. आम्हाला त्याची पर्वा नव्हती, पण तिला होती.

पाऊण तासाने तो बाजूला आला. पट्टेरी मार्लिन चवताळलेला असला की अंगावरचे पट्टे निळेजांभळे पेटतात. पाठीवरचा पर उंच, जवळजवळ अंगाच्या जाडीएवढा. काळ्या मार्लिनचा पर त्या मानाने बुटका असतो आणि छातीचे पर कडक, ओळखायला हे पुरतं. आमच्या अंदाजाने वजन सत्तरेक किलो.

आता सगळ्यात जपून करायचं काम. ट्रेस धरणाऱ्याच्या हातात जाड हातमोजे हवेत आणि त्या वेळी मुलं केबिनपाशी मागे. मार्लिनची चोच जवळून उडाली तर माणूस मरू शकतो. मासा बोटीत ओढू नका, फोटोसाठीसुद्धा नाही. नवऱ्याने हातमोज्यांनी चोच पकडून त्याला पाण्यातच ठेवलं, सासऱ्यांनी लांब काठीने पाठीच्या वरच्या भागात टॅग बसवला, गळ काढला. मग मी बोट दोन नॉट्सनी पुढे नेत राहिले, म्हणजे त्याच्या कल्ल्यांतून पाणी वाहत राहतं. रंग परत येऊन शेपटी जोर मारू लागेपर्यंत सोडायचं नाही. काही मिनिटांनी त्याने स्वतःच चोच सोडवून घेतली.

टॅग न्यू साउथ वेल्सच्या सरकारी टॅगिंग कार्यक्रमाचे, हा कार्यक्रम १९७३ पासून चालू आहे. टॅगचा क्रमांक, जागा, तारीख, अंदाजे वजन भरून पाठवायचं. लेकीने ते त्याच संध्याकाळी भरलं. तो मासा पुन्हा कुणाला सापडला तर तिला कळेल. असे टॅग लावलेले मार्लिन हजारो किलोमीटर दूर सापडले आहेत.

एक वाजता फिरलो. वारा अंदाजाप्रमाणे चढायला लागला होता. इंधनाचा हिशेब करताना एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव असं धरा आणि ट्रोलिंगला लागणारं इंधन जायच्या वाट्यातून मोजा. आमचं निम्म्याहून थोडं जास्त लागलं.

स्वतःची बोट नसेल तर नेल्सन बेहून भाड्याच्या बोटी मिळतात, त्यांच्याकडे सगळं सामान असतं. ठरवताना मुलांचं वय आधी सांगा आणि मासा टॅग लावून सोडायचा असल्याचं स्पष्ट करा. उन्हाळ्याच्या शेवटाकडे इथे मोठी आंतरक्लब स्पर्धा होते. तिच्या तारखा बघून घ्या, त्या दिवसांत रॅम्पवर आणि राहायला जागा मिळत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी जाता आलं तर उत्तम. परतल्यावर इंजिनात गोडं पाणी फिरवा, ट्रेलरचे बेअरिंग गार झाल्याशिवाय पाण्यात घालू नका, आणि रिळं कोमट पाण्याने हलकेच पुसा, जोराच्या फवाऱ्याने मीठ आत जातं.