जखम आधी झाकायची, मग तपासायची

कुणाच्या तळहातांवर, पावलांवर, कुशीत येशूच्या क्रूसावरच्या जखमा उमटल्या की ती व्यक्ती संत, असं पुष्कळ भाविक धरूनच चालतात. कॅथलिक ख्रिस्तसभेची रीत नेमकी उलटी आहे. जखम दिसली की पहिला प्रश्न, ही कुणी मुद्दाम केलेली तर नाही ना? दुसरा, हा मनाचा किंवा शरीराचा आजार तर नाही ना? या दोन्हींतून व्यक्ती सुटली तरी संतपदासाठी जो चमत्कार सिद्ध करावा लागतो, त्यात ही जखम धरत नाहीत. मला या विषयातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच शिस्त वाटते.

या जखमांना स्टिग्माटा म्हणतात. हा शब्द ग्रीक. डागून किंवा गोंदून केलेली खूण, असा त्याचा अर्थ. गुलामांच्या अंगावर अशी खूण असे. संत पौलानं गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटी, येशूच्या खुणा मी माझ्या शरीरावर वागवतो, असं म्हटलं आहे. त्याला बहुधा फटक्यांचे आणि दगडांचे वण म्हणायचे होते. आज ज्या अर्थानं आपण हा शब्द वापरतो त्याची सुरुवात असिसीच्या संत फ्रान्सिसपासून होते. सप्टेंबर १२२४, ला व्हेर्नाचा डोंगर, सहा पंखांच्या सेराफ दूताचं दर्शन. फ्रान्सिस १२२६ मध्ये वारले आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच चेलानोच्या थॉमसनं त्यांचं चरित्र लिहिलं. त्यातलं वर्णन नीट वाचावं. तळहातांत आरपार भोक नव्हतं. मांसाचेच खिळे झाले होते, एका बाजूला गोल डोकं आणि दुसऱ्या बाजूला वाकवल्यासारखं टोक. उजव्या कुशीत भाल्याचा वण. चित्रांतल्या रक्त ठिबकणाऱ्या भोकांपेक्षा हे बरंच वेगळं आहे.

कुशीची जखम फ्रान्सिसना उजवीकडे, तर विसाव्या शतकातले इटलीचे कॅपुचिन धर्मगुरू पाद्रे पियो यांना डावीकडे. हातांच्या जखमा बहुतेकांच्या तळव्यावर, चर्चमधल्या क्रूसमूर्तीवर असतात तशा; पण तळव्यात ठोकलेले खिळे शरीराचा भार पेलतील का, याबद्दल शंका घेतली गेली आहे. म्हणून संशय घेणारे म्हणतात की जखमा डोळ्यांसमोरच्या मूर्तीबरहुकूम उमटतात. श्रद्धेच्या बाजूनं उत्तर असं, की ही खूण आहे, शरीरशास्त्राची नक्कल नव्हे. मला दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात असं वाटतं.

फसवणूक झालेलीच नाही असं नाही. लिस्बनमधल्या एका डोमिनिकन मठाची प्रमुख मारिया दा व्हिजितासांव हिच्या जखमांनी अख्खं पोर्तुगाल भारलं होतं. १५८८ मध्ये इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, चौकशी लावली आणि तिचे हात साबणपाण्यानं घासले. जखमा धुऊन गेल्या, खाली धडधाकट कातडी निघाली. तो रंग होता.

रंग साबणानं निघतो, पण खरी जखम असेल तर ती कशी झाली हे ठरवणं अवघड. इथे पाद्रे पियोंचं प्रकरण सविस्तर पाहण्यासारखं आहे. २० सप्टेंबर १९१८ रोजी सान जोव्हानी रोतोंदोच्या मठात त्यांच्या अंगावर जखमा उघड झाल्या. १९१९ मध्ये तीन डॉक्टरांनी त्या पाहिल्या. मे महिन्यात रोमानेल्लींनी तळव्याला दोन्ही बाजूंनी बोटं दाबली आणि मधे पोकळी आहे असं त्यांना जाणवलं. जुलैत रोमचे विकृतिशास्त्रज्ञ बिन्यामी आले. त्यांच्या मते जखम वरवरचीच, सुरुवात मज्जातंतूंच्या विकारातून झालेली आणि पुढे आयोडीनसारख्या रसायनामुळे टिकून राहिलेली. ऑक्टोबरमध्ये फेस्तांनी मोजमाप घेतलं: तळव्यावर दोन सेंटिमीटरहून किंचित मोठा गोल खपलीचा डाग, कडा स्वच्छ, भोवती सूज नाही. हात तोच, वर्ष तेच, आणि निष्कर्ष तीन.

बिन्यामींनी सांगितलेली चाचणी साधी होती. आयोडीन बंद करायचं, जखमा बांधून पट्ट्यांवर सील लावायचं, रोज साक्षीदारांसमोर सील उघडायचं आणि पुन्हा लावायचं. औषधामुळे जखम टिकली असेल तर आठवडाभरात भरू लागेल. मठाच्या नोंदींनुसार जखमा भरल्या नाहीत. पण चाचणीत एक खोट राहिली: साक्षीदार त्याच मठातले गुरुबंधू होते. अशा कामाला सील लावणारा आणि पहारा ठेवणारा दोघेही बाहेरचे हवेत, नाहीतर निकाल खरा असला तरी विरोधकाला पटवता येत नाही. बेल्जियममध्ये अशाच जखमा असलेल्या लुईझ लातोच्या बाबतीत डॉक्टरांनी अधिक काळजी घेतली. तिचा हात काचेच्या नळकांड्यात सील केला होता.

पाद्रे पियोंनी औषधवाल्याकडून कार्बोलिक आम्ल मागवल्याची चिठ्ठी सापडली आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. इंजेक्शनच्या सुया निर्जंतुक करायला ते हवं होतं, हा त्यांचा खुलासा. रोमनं १९२१ मध्ये चौकशीला पाठवलेले बिशप रॉस्सी यांनी हे सगळं विचारून घेतलं आणि फसवणूक नाही असं लिहून दिलं. तरीही ३१ मे १९२३ ला होली ऑफिसनं, म्हणजे रोममधल्या श्रद्धेचे प्रश्न तपासणाऱ्या कार्यालयानं, जाहीर केलं की या घटनांचं अलौकिकत्व सिद्ध झालेलं नाही. सिद्ध झालेलं नाही, याचा अर्थ खोटं ठरलं असा होत नाही; वाचणारे इथे हमखास गोंधळतात. पुढे १९३१ ते १९३३ त्यांना लोकांसमोर मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) अर्पण करायलाही बंदी होती. त्यांनी ती पाळली.

अशा आज्ञापालनालाच तपासणाऱ्यांच्या लेखी जखमेहून जास्त किंमत आहे. जर्मनीतल्या बव्हेरियाच्या, अशाच जखमा असलेल्या तेरेसा नॉयमानवर जुलै १९२७ मध्ये चार धर्मभगिनींनी पंधरवडाभर रात्रंदिवस पहारा ठेवला. पण पुढे बिशपांनी इस्पितळातली दुसरी तपासणी मागितली तेव्हा घरच्यांनी नकार दिला, आणि संशय तिच्या नावाला चिकटून राहिला. अशा व्यक्तीच्या आध्यात्मिक मार्गदर्शकानं काय करायचं हेही ठरलेलं आहे: जखम झाकायला सांगायचं, बघ्यांना दूर ठेवायचं, पैसे-नवस येऊ द्यायचे नाहीत आणि दुखणं ख्रिस्ताच्या दुःखसहनाशी जोडून देवाला अर्पण करायला शिकवायचं. सिएनाच्या कॅथरीननं १३७५ मध्ये पिसा इथे जखमा दिसू नयेत असंच मागून घेतलं. केरळच्या संत मरियम थ्रेसियानं त्या लोकांपासून लपवून ठेवल्या. पाद्रे पियोंनी ऑक्टोबर १९१८ च्या पत्रात देवाकडे मागितलं ते हे, की वेदना राहू दे, ही बाहेरची खूण तेवढी काढून घे, मला तिची लाज वाटते. बोटं उघडी राहणारे लोकरी हातमोजे ते दिवसभर घालत, मिस्सेच्या वेळी तेवढे काढत, आणि तेव्हाही झग्याच्या बाह्या पुढे ओढून घेत.

१९९९ मध्ये त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) आणि २००२ मध्ये संत घोषित केलं, ते दोन आजाऱ्यांच्या बरं होण्यावर. २३ सप्टेंबर १९६८ च्या पहाटे ते गेले. डॉक्टरांनी हात, पाय, कूस तपासून फोटो घेतले. पन्नास वर्षं वाहणाऱ्या जखमांच्या जागी वणसुद्धा नव्हता.