तुम्ही विचारलंत म्हणून: शत्रूचा शत्रू खरंच मित्र होतो का?

मी नेटवर्कचं गणित शिकवते हे कळलं की लग्नकार्यातसुद्धा हा प्रश्न येतोच. लोकांना हो किंवा नाही हवं असतं. मी म्हणते, दोघांकडे बघू नका, तिघांकडे बघा.

मूळ कल्पना फ्रिट्झ हायडर या मानसशास्त्रज्ञाची, १९४६ची. मैत्रीला अधिक, वैराला उणे असं चिन्ह द्यायचं. त्रिकोणातल्या तिन्ही चिन्हांचा गुणाकार अधिक आला तर सगळं सुखेनैव. उणे आला तर कुणाची तरी पंचाईत; आपल्या दोन मित्रांचं आपसांत वाकडं असलं की होते तशी.

साठच्या दशकातला पाकिस्तान घ्या. सिएटो या आग्नेय आशियाई संरक्षण करारामुळे १९५४ पासून अमेरिकेच्या गोटात, १९६३ मध्ये चीनशी सीमाकरार, आणि अमेरिका-चीन तर एकमेकांचं तोंडही बघत नव्हते. अधिक, अधिक, उणे. हा अवघडलेला त्रिकोण आठेक वर्षं तसाच तगला, ही गोष्ट सिद्धान्तावर खूश असलेली मंडळी सहसा सांगत नाहीत. पुढे मार्च १९६९ मध्ये उसुरी नदीवर चिनी आणि सोव्हिएत सैनिकांची चकमक झाली आणि बीजिंगला मॉस्कोचीच जास्त धास्ती वाटू लागली. पाकिस्तानचे अध्यक्ष याह्या खान अमेरिका आणि चीन यांच्यात निरोप पोचवू लागले. जुलै १९७१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर पाकिस्तानात आले, त्यांचं पोट बिघडलंय, ते नथियागली या थंड हवेच्या ठिकाणी विश्रांती घेताहेत अशी बातमी पसरवली गेली. ९ तारखेच्या पहाटे ते पाकिस्तानी विमानाने बीजिंगला निघालेही होते. १५ जुलैला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी आपण चीनला जाणार असल्याचं जाहीर केलं.

एक चिन्ह बदललं की शेजारचे त्रिकोणही हलतात. भारताचं चीनशी वैर १९६२चं, रशियाचं ताजं. ९ ऑगस्टला दिल्लीत भारताचे परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग आणि सोव्हिएत परराष्ट्रमंत्री ग्रोमिको यांनी मैत्री करारावर सह्या केल्या. (बोलणी १९६९ पासून चालू होती, तेव्हा सगळं श्रेय गणिताला देऊ नये.) डिसेंबरात भारत-पाकिस्तान युद्ध पेटलं तेव्हा सुरक्षा परिषदेत रशियाने भारतासाठी नकाराधिकार वापरला, बंगालच्या उपसागरात अमेरिकेची विमानवाहू नौका एंटरप्राइझ आली. आणि पाकिस्तानचा जिवलग चीन? त्याने सैन्य पाठवलंच नाही. कोण कुणाच्या बाजूचा, एवढंच चिन्हावरून कळतं. वेळ आली की तो किती झीज सोसेल, ते नाही.

आता ओघाने येणारा दुसरा प्रश्न: भारताने रशियाकडून एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घ्यायची आणि अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलियाबरोबर क्वाड या गटातही बसायचं, हे किती दिवस चालणार? बरेच दिवस चालू शकतं, कारण भारत हवा असण्याची कारणं रशिया आणि अमेरिका दोघांकडेही आहेत. मला काळजी वेगळ्याच त्रिकोणाची वाटते, भारत-रशिया-चीन या त्रिकोणाची. १९७१ मध्ये त्यातली रशिया-चीन बाजू उणे होती, म्हणून तो करार चपखल बसला. आज ती बाजू अधिक आहे, आणि युक्रेन युद्धानंतर मॉस्कोची चीनवरची भिस्त वाढतच चालली आहे.