मोहरीच्या डबीतल्या पावत्या

वाल सोलायला बसलं की कानाला काहीतरी हवंच. पॉडकास्टच्या एका भागात पाव किलो वाल होतात, हे माझं माप. सध्या 'बॅड विमेन : द रिपर रीटोल्ड' चालू आहे, हॅली रुबेनहोल्ड या इतिहासकार बाईंचा, २०२१ मधला. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात १८८८ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरात पाच बायकांचे खून झाले. खुनी, म्हणजे तो 'जॅक द रिपर', सापडला नाही, पण त्याच्या नावानं आजही तिथे सहली निघतात. रुबेनहोल्डबाई त्याला विचारतही नाहीत. लोहाराची लेक पॉली, कोचमनची बायको अ‍ॅनी, स्वीडनहून आलेली एलिझाबेथ, केट, मेरी जेन; एकेकीचं आयुष्य उलगडत जातात.

घरात यावर मतं पडलीच. भाच्यानं विचारलं, "मावशी, खुनी कितव्या भागात येतो?" येत नाही म्हटल्यावर स्वारी क्रिकेटकडे वळली. नणंदबाईंची तक्रार दुहेरी. एक, जाहिराती फार. दुसरी, "तिला असं वाटलं असेल, हे हिला कोणी सांगितलं?" दुसरी मला पटते. 'असेल'ची फोडणी मधूनमधून जास्तच पडली आहे.

पण बाईंचा मुख्य मुद्दा पक्का आहे. पाचांतल्या तिघी तरी वेश्याव्यवसाय करत होत्या याला पुरावा नाही. पोलिसांनी आणि वर्तमानपत्रांनी ते धरूनच चाललं, असं त्या म्हणतात. यावर रिपरचे जुने अभ्यासक भयंकर चिडले. मला गंमत वाटते ती याची. सव्वाशे वर्षं या बायका कोण होत्या याची फिकीर नव्हती, आणि 'त्या तशा नव्हत्या' म्हटल्याबरोबर भांडण सुरू!

आपलं तरी काय वेगळं? पुण्याच्या त्या खूनखटल्याला नाव मेलेल्यांचं, जोशी-अभ्यंकर. गप्पांत मात्र मारणाऱ्याचंच आडनाव निघतं. काशिनाथशास्त्री अभ्यंकरांनी संस्कृत व्याकरणाचा कोश केला होता, हे मला परवापरवा कळलं. खुनाची तपशीलवार वर्णनं शाळेत असताना ऐकली होती.

सासूबाईंना इंग्रजी नको असतं. "तू सांग, मी सोलते." मग मी केटची गोष्ट सांगितली. तिच्या अंगावरच्या वस्तूंची पोलिसांनी यादी केली होती. साबणाचे तुकडे, फणी, चमचा, सुरी, एकच लाल हातमोजा, चिंध्या. एका डबीत चहा, दुसरीत साखर.

सासूबाईंचा हात थांबला. "वेगवेगळ्या डब्यांत?"

"हो."

"राहायला घर नाही, आणि चहा-साखर वेगळी ठेवते!" एक वाल बोटात तसाच राहिला.

मी पुढे सांगितलं. ती ज्याच्याबरोबर राहत होती त्या जॉनचे बूट तिनं अडीच शिलिंगांना गहाण टाकले होते. ती दुकानात गेली आणि तो बाहेर अनवाणी उभा राहिला. चहा-साखर त्याच पैशातून आली. गहाणाच्या पावत्या मोहरीच्या डबीत होत्या. त्या पावत्यांबद्दल पेपरात वाचूनच जॉनला शंका आली आणि तो पोलिसांकडे ओळख पटवायला गेला.

सासूबाईंनी टरफलं गोळा करून पेपराची पुरचुंडी केली. उठता उठता म्हणाल्या,

"पावत्या पोलिसांकडे गेल्या. मग त्याचे बूट कसे सुटले गं?"