नव्या पुलाचे दगड आणि त्यातला चुना

शनिवारवाड्याकडून महापालिकेकडे नेणारा दगडी शिवाजी पूल 1923 साली वाहतुकीला खुला झाला. गव्हर्नर लॉईड यांचं नाव तेव्हा त्याला दिलं होतं. पुणेकर मात्र त्याला नवा पूलच म्हणतात. पानशेत धरण फुटलं तेव्हा, 12 जुलै 1961 ला, पुराचं पाणी त्याच्यावरून गेलं, तरी तो उभा राहिला.

अशा पुलाच्या कमानीत दगड एकमेकांना रेटून धरतात. काळा पाषाण फारसं पाणी पीत नाही, ओल सांध्यांतूनच बाहेर पडते. म्हणून सांधे सिमेंटने बुजवणं घातकच! ओल आत कोंडते, जुना चुना भुसभुशीत होतो आणि सिमेंटची पट्टी सोलून निघते.

योग्य पद्धत अशी: सांधा हाताने, छिन्नीने, रुंदीच्या दुप्पट खोल खरवडायचा, धुवायचा, मग एक भाग चुना आणि अडीच-तीन भाग धुतलेली वाळू दाबून भरायची. काही दिवस त्यावर ओलं गोणपाट हवंच.

सांध्यात उगवलेला पिंपळ नुसता उपटू नये. मूळ आत राहिलं की तो पुन्हा फुटतो आणि ओढाताणीत दगडही हलतो. आधी खोड कापून मूळ मारावं. पावसाळ्यापूर्वी पन्हळी मोकळ्या कराव्यात.