डोळा की कॅमेरा : आमच्या दुर्बिणींच्या दुकानाची वाटचाल

2011 च्या जानेवारीत, नागपूरच्या मानेवाड्यातल्या घराच्या मागच्या खोलीत आम्ही दुर्बिणीचा पहिला आरसा घासायला घेतला. सहा इंची काच, तिच्यावर कार्बोरंडमची पूड, थोडं पाणी आणि वरून दुसरी काच. बाबा कामावरून आले की चहाआधी तेही पन्नास हात मारून जात. जाड पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी पिचच्या थरावर सेरियम ऑक्साइडचं पॉलिश. तीन महिने लागले. ॲल्युमिनियमचा थर तेवढा बाहेरून करून आणला. नळी पीव्हीसीची, खोका लकडगंजातल्या प्लायवूडचा, आणि तो लोण्यासारखा फिरावा म्हणून टेफ्लॉनचे तुकडे आणि सनमायका.

एप्रिलमध्ये त्यातून शनी पाहिला. शेजारच्या काकू बराच वेळ डोळा लावून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "सरकून राह्यला नं हा!" एकशेवीस पट मोठं दिसत असताना शनी दीड मिनिटात नजरेबाहेर जातो. पृथ्वी फिरते हे काकूंनी शाळेत वाचलं होतं, त्या रात्री त्यांना ते दिसलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या भाच्याने दुर्बीण मागितली. ती आमची पहिली ऑर्डर.

2014 मध्ये नोकरी सोडली. आमच्या बनावटीच्या दुर्बिणींसोबत तयार दुर्बिणी, नेत्रिका (डोळा लावायची भिंगं), माउंट (दुर्बीण पेलणारे आधार) आणि पुढे कॅमेरे ठेवायला लागलो. पावसाळ्याचे महिने विक्री जवळजवळ बंद असते. तेव्हा आरसे धुणं आणि भिंगांवरची बुरशी काढणं, एवढंच चालतं.

आमच्याकडून मोठी चूक झाली ती 2018 मध्ये. वर्ध्याहून एक शिक्षक आले. "मृगातला तेजोमेघ पाह्यला, पण पोस्टरवर असते तसा रंग काऊन नाही दिसत?" हा त्यांचा प्रश्न. मी उत्तर बरोबर दिलं. डोळा प्रकाश साठवत नाही, क्षणभरात जेवढा मिळाला तेवढ्यावर चित्र उभं करतो. मंद उजेडात रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत, म्हणून तेजोमेघ, म्हणजे अवकाशातला वायू-धुळीचा ढग, राखाडी, फार तर हिरवट दिसतो. कॅमेरा तोच प्रकाश कित्येक मिनिटं साठवतो, म्हणून हायड्रोजनचा गुलाबी रंग फोटोत उतरतो. इथवर ठीक होतं. पण लगेच मी त्यांना ताऱ्यांमागे आपोआप फिरणारा इक्वेटोरियल माउंट, कॅमेरा आणि ते फिरणं अचूक ठेवणाऱ्या गायडिंगचा सगळा संच विकला. त्यांच्या घरी रात्री कोण असतं, हे विचारलंच नाही.

असा माउंट ध्रुवताऱ्याकडे रोखून लावावा लागतो, आणि आपल्या भागात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम 21 अंश वर असतो. त्यांच्या गच्चीवरून तो पाण्याच्या टाकीमागे जायचा, मग माउंटची दिशा लावायची कशी? माउंट इतका खाली झुकवला की वजनाची दांडी तिवईच्या पायाला अडायची. तोल साधा, फोकस लावा, लॅपटॉप जोडा, आणि हे सगळं जमेपर्यंत मुलगी झोपलेली. आठ महिन्यांनी ते परत आले. म्हणाले, "तिला शनी अजून दाखवलाच नाही."

संच मी पूर्ण पैसे देऊन परत घेतला आणि त्यांना आठ इंची डॉबसोनियन दिली. जमिनीवर ठेवायची, ढकलायची, पाहायचं. 21 डिसेंबर 2020 च्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. गुरू आणि शनी एकाच नेत्रिकेत होते, दोघांत चंद्रबिंबाच्या पाचव्या भागाएवढंच अंतर, आणि मुलगी नळी सोडायला तयार नव्हती.

तेव्हापासून बजेटच्या आधी आम्ही तीन गोष्टी विचारतो. सोबत कोण असतं? बाहेर किती वेळ थांबता येतं? गच्चीवरून उत्तर दिशा मोकळी आहे का?

काही वर्षं मी दुसऱ्या टोकाला गेलो होतो. पडद्यावर पाहणं म्हणजे पाहणंच नव्हे, असं ठामपणे सांगायचो. मग डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार असलेले एक निवृत्त गृहस्थ आले. मोठ्या आरशातूनही त्यांना मंद काही दिसेना, तिरक्या नजरेनेही नाही. 2023 नंतर छोट्या स्मार्ट दुर्बिणी आल्या. 50 मिलिमीटरचं भिंग, दहा-दहा सेकंदांचे फोटो आपोआप एकावर एक रचले जातात. टॅबलेटवर मृगातला तेजोमेघ हळूहळू उजळताना त्यांनी पाहिला आणि चष्मा काढून डोळे पुसले. ते वाक्य मी पुन्हा कधी उच्चारलं नाही.

आज माझं मत असं आहे. शहराच्या गच्चीवरून चंद्र, ग्रह, जोडतारे डोळ्यांनी पाहा, दिव्यांच्या उजेडाने त्यांचं फारसं बिघडत नाही. तेजोमेघ मात्र शहरातून डोळ्यांना जवळजवळ मिळत नाहीत. तिथे दिव्यांचा उजेड गाळणारा फिल्टर लावलेला कॅमेराच कामाचा. कॅमेरा घेणार असाल तर नागपूरचा मे महिना विसरू नका. सेन्सर साधारण सहा अंशांनी तापला की उष्णतेमुळे फोटोत उमटणारा खोटा उजेड दुप्पट होतो, आणि आपल्या मेमध्ये रात्रीही पारा तिशीच्या आसपासच राहतो. थंड होणाऱ्या सेन्सरला जास्तीचे पैसे इथे खरंच वसूल होतात.

आणि अंधार हवा असेल तर पेंच. जानेवारी 2024 मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली. आपल्यासाठी ते दोन-अडीच तासांवर आहे. एप्रिल-मेमध्ये दक्षिणेला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ ध्रुवताऱ्याइतकाच, 21 अंशांपर्यंत वर येतो. आठ इंची आरशातून आधी धूसर गोळा दिसतो, नजर स्थिरावली की त्याची पूड होते, एकेक तारा सुटा. कितीही फोटो काढले तरी ती पूड होताना मला डोळ्यांनीच पाहायची असते.

हिवाळ्यात शनिवारी आमच्या गच्चीवर दोन्ही लावलेल्या असतात, एक आरशाची, एक कॅमेऱ्याची. घेण्याआधी दोन्हींतून पाहून जा. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, तेव्हा मोबाइल खालीच ठेवून या.